एकोणीस लेउंगचा मासा

हाँगकाँगात येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली. हार्बरकडे तोंड करून बसलेली ती उंचावरची कँटोनीज रेस्टॉरंटं एवढ्या वर्षांत आम्ही बघितली ती खालून, स्टार फेरीच्या बोटीच्या कठड्याला टेकून. नवरा शिपिंगमध्ये आहे, पगार बरा आहे, पण इथलं घरभाडं गेलं की ‘बरा’ हा शब्दही त्याच्याबरोबर जातो.

गेल्या महिन्यात धाकटे दीर आणि जाऊ पुण्याहून आठवडाभर राहायला आले. भावोजी नुकतेच रिटायर झालेत, फंडाचे पैसे हातात आलेत. विमानतळावरून घरी येताना बसमध्येच त्यांनी जाहीर केलं, “वहिनी, एक संध्याकाळ स्वयंपाकघराला कुलूप. खरं चायनीज खायचं आणि बिल मी देणार. मंचुरियन खाऊन खाऊन तोंडाची चव गेलीय.” मी म्हटलं, जाऊ की, आमच्या इथल्या मार्केटात वरच्या मजल्यावर छान मिळतं. तर ते म्हणाले, “मार्केटात नको हो. खिडकीतून समुद्र दिसला पाहिजे.”

समुद्र दिसला. त्याचे पैसेही दिले. रेस्टॉरंटचं नाव लिहीत नाही. त्सिम शा त्सुईच्या त्या पट्ट्यात याच वळणाची बरीच आहेत, तुम्ही गेलात तर कुठेही गेलात तरी फार वेगळं घडणार नाही.

बुकिंगपासूनच गंमत. खिडकीजवळचं टेबल हवं असेल तर माणशी किमान हजार डॉलरचं खाल्लंच पाहिजे. क्रेडिट कार्डाचा नंबर आधी द्यायचा, आलो नाही तर माणशी पाचशे कापणार. शिवाय दोन पंगती. पहिली सहा ते सव्वाआठ, दुसरी साडेआठपासून. आम्हाला गुरुवारची पहिली पंगत मिळाली. जाऊ गुरुवार करते, म्हणजे तिला शाकाहारी. ती म्हणाली, “चालेल हो ताई, मी भाज्या खाईन.” तिच्या त्या ‘चालेल’चं पुढे काय झालं ते सांगते.

(हिशोबासाठी लक्षात ठेवा, हाँगकाँगचा एक डॉलर म्हणजे साधारण अकरा रुपये.)

आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं मात्र कुणालाही आवडतील. जाड गालिचा, टेबलांमध्ये भरपूर अंतर, आणि समोर अख्खा हार्बर. प्रत्येकापुढे चॉपस्टिक्सच्या दोन जोड्या, एक काळी आणि एक पांढरी. एकीने वाढून घ्यायचं, दुसरीने खायचं. उष्ट्याखरकट्याचा विचार करणारी ही पद्धत मला फार आवडते. २००३ च्या सार्सच्या साथीनंतर ती इथे जास्त रुळली, असं आमचे जुने शेजारी सांगतात. जाऊने तर लगेच फोटो काढून सासूबाईंना पाठवला. “बघा आई, इथेही शिवाशीव पाळतात.”

बसल्या बसल्या चहा. कँटोनीजमध्ये चहाला ‘चा’च म्हणतात, त्यामुळे हा एक शब्द मराठी माणसाला आयता येतो. आम्ही बो-ले सांगितला, म्हणजे पुएर. काळा, मातकट वासाचा, तेलकट जेवणावर उत्तम उतारा. आता इथल्या साध्या हॉटेलात एक रिवाज आहे. पहिल्या गरम चहात आपल्या वाट्या, चॉपस्टिक्स विसळून घ्यायच्या आणि ते पाणी एका मोठ्या वाडग्यात ओतायचं. नवऱ्याने अकरा वर्षांच्या सवयीने कप उचलला आणि चॉपस्टिक्स विसळायला लागला. वेटर मुलगी धावत आली. एक शब्द न बोलता तिने त्याच्यापुढची सगळी भांडी उचलली आणि नवीन आणून मांडली. ती रागावली नव्हती, पण नवऱ्याचे कान लाल झाले. मग ती चहा ओतत राहिली आणि आम्ही टेबलावर दोन बोटं टकटक करून आभार मानत राहिलो. भावोजींना ही टकटक इतकी आवडली की नंतर कुणी पाणी वाढलं, रुमाल दिला, तरी ते टकटक करायचे.

चहाबरोबर न मागता दोन छोट्या बशा आल्या. एकीत साखरेत घोळवलेले अक्रोड, दुसरीत लोणच्यासारखी आंबटगोड काकडी. तिसरी एक इवलीशी वाटी, तीत एक्सओ सॉस. नावात महागड्या ब्रँडीवरचं एक्सओ असलं तरी यात ब्रँडी सहसा नसते. वाळवलेले स्कॅलप (एक प्रकारचे शिंपले), वाळकी कोळंबी, हॅम आणि मिरची यांची ती तेलातली चटणी. हाँगकाँगचाच शोध, १९८०च्या दशकातला. चव आपल्या सुक्या जवळ्याच्या चटणीच्या नात्यातली, फक्त माहेरची श्रीमंत. मी इथली जुनी असल्यामुळे मला ठाऊक होतं की या बशा फुकटच्या नसतात. नको असतील तर आल्या आल्या परत पाठवायच्या, कुणी वाईट वाटून घेत नाही. पण भावोजी यजमान. त्यांनी अक्रोड तोंडात टाकून “वा, काय आदरातिथ्य आहे” म्हटल्यावर बशी उचलून परत कशी द्यायची?

भावोजींना मोमो हवे होते. म्हणजे डिमसम. ते रात्री मिळत नाहीत. जुन्या रिवाजाच्या कँटोनीज ठिकाणी डिमसम ही सकाळ-दुपारची गोष्ट, चहाबरोबरची. रात्री मोठी ताटं. मग मेन्यू हातात घेऊन भावोजींनी दोन पदार्थ निवडले. भाजलेलं डुक्कर, म्हणजे चार सिउ, आणि माशाच्या फुग्याचं सूप. मेन्यूत नाव ‘फिश मॉ’ होतं. त्यांना वाटलं माशाचा जबडा.

या सुपाबद्दल जरा थांबून बोलायला हवं. मोठ्या माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यामुळे तो पाण्यात तरंगतो. ती काढून, साफ करून, वाळवली की फिश मॉ. अबलोन नावाची समुद्री गोगलगाय, समुद्रकाकडी (नाव काकडीचं, पण समुद्रातला प्राणी), शार्कचा पर आणि हा फुगा, ही चार इथल्या श्रीमंत जेवणाची मानाची पानं. शार्कचा पर आता बऱ्याच ठिकाणी बंद झालाय, सरकारी मेजवान्यांतूनही २०१३ साली काढला. फुग्याचा मान मात्र वाढतोच आहे. शुंग वानला डे व्हू रोड वेस्टवर सुक्या मासळीच्या दुकानांची रांगच्या रांग आहे. तिथे हे फुगे काचेच्या बरण्यांत पिवळट, पारदर्शक, जुन्या कंगव्यांसारखे उभे करून ठेवलेले असतात, आणि वर सोन्याच्या दुकानात शोभतील असे भाव. आपल्याकडच्या घोळ माशाचा फुगाही अशाच बाजारांसाठी बाहेर जातो. २०२१ मध्ये पालघरच्या मुरबे गावच्या एका मच्छीमाराला एका फेरीत दीडशेच्या वर घोळ मिळाल्या आणि त्यांचे एक कोटी तेहेतीस लाख आले, ती बातमी आठवत असेल. ते पैसे मांसाचे कमी आणि फुग्याचेच जास्त. मी मालवणची. आमच्याकडे मासे साफ करताना लहान माशाचा फुगा आतड्यांबरोबर मांजरीला जायचा. त्याच वस्तूला इथे झाकणाच्या छोट्या भांड्यात घालून, ते भांडं वाफेत ठेवून, तासन्‌तास शिजवतात.

सूप होतं कसं? पाणी सोन्यासारखं नितळ, वर तेलाचा एक थेंब नाही, आणि कोंबडीचा असा खोल स्वाद की घोट गिळल्यावरही जिभेवर राहतो. फुग्याला स्वतःची चव शून्य. भिजवलेल्या डिंकासारखा, जरा चिकट, जरा कुरकुरीत. नवरा म्हणाला, सूप उत्तम आहे, पण सूप आहे कोंबडीचं. बरोबर बोलला. तीनशे ऐंशी डॉलर एका वाटीचे, दोन वाट्या घेतल्या. भावोजींनी तळातला तुकडा चमच्याने उचलून उजेडात धरला आणि विचारलं, “वहिनी, हे गुडघ्यांना चांगलं असतं ना?” असतं म्हणतात बाई.

चार सिउ नवरा आणि भावोजींनी खाल्लं. कडा जळकट, वर मधाची चकाकी, आत चरबी आणि मांस अर्धंअर्धं. नवऱ्याचं मत असं की आमच्या इमारतीखालचा दुकानदार साठ डॉलरला भातासकट जे देतो त्यापेक्षा हे बरं आहे, पण ‘पाचपट बरं नाही’. इथे सहा तुकडे तीनशे अठ्ठावीसला होते.

आता जाऊचं ‘चालेल’. तिच्यासाठी मी काय-लान सांगितली, ही इथली जाड देठांची हिरवी भाजी, ब्रोकोलीच्या कुळातली. भाजी आली, सुंदर हिरवीगार, पण खाली पिवळसर रस्सा. मला शंका आली म्हणून विचारलं. वेटर मुलीने प्रामाणिकपणे सांगितलं की हा ‘सुपिरिअर स्टॉक’, कोंबडी आणि जिन्हुआ हॅमचा. बुकिंगच्या वेळी मी शाकाहारी लिहिलं होतं, तेही तिला दिसत होतं. पण तिच्या लेखी ताटात मांसाचा तुकडा नाही म्हणजे भाजी. यात लबाडी नाही. कँटोनीज स्वयंपाकात पाण्याच्या जागी स्टॉकच असतो, आणि नुसत्या भाजीवरही ऑयस्टर सॉस. बौद्ध पद्धतीचं शाकाहारी हवं असेल तर ‘जाय’ हा शब्द वापरायचा. तो वापरायला मी विसरले, ही चूक माझी. पण एवढे पैसे घेणाऱ्या हॉटेलाने बुकिंगमधला शेरा वाचून एक फोन करावा, एवढी अपेक्षा जास्त नाही. ती भाजी आम्ही तिघांनी खाल्ली. जाऊसाठी लो-हान-जाय आलं: मशरूम, बांबूचे कोंब, काळे कानासारखे बुरशीचे तुकडे, शेवया. बरं होतं. तिने मीठ मागितलं, तर मिठाऐवजी सोया सॉस आला.

आणि मग मासा.

झालं असं की जाऊला काचेजवळ फोटो हवे होते, म्हणून मी तिच्याबरोबर उठले. तेवढ्यात वेटर मुलगी बादलीतून जिवंत मासा दाखवायला घेऊन आली. लाल अंग, त्यावर निळे बारीक ठिपके. तुंग-सिंग-बान. आपल्या गोबऱ्याचा श्रीमंत चुलतभाऊ. इंडोनेशिया, फिलिपिन्स, ऑस्ट्रेलियाकडून हा जिवंत आणतात, कारण इथे मेला की त्याचा भाव कोसळतो. मेन्यूत अशा माशापुढे किंमत नसते, ‘हंगामी दर’ एवढंच छापलेलं असतं. विचारायचं ते आपण. भावोजींनी विचारलंही. ती म्हणाली, “नाइन्टी एट.” नवऱ्याचं लक्ष फोनमध्ये. भावोजींनी मनात गुणाकार केला, अकराशे रुपये. पुण्यात बरं पापलेट घ्यायला गेलं तरी याहून जास्त जातात. ते जोरात म्हणाले, “येस, येस,” आणि टेबलावर दोन बोटं टकटक केली.

मी परत आले तेव्हा बादली आत गेली होती आणि टेबलावर ऑर्डरची चिठ्ठी होती. चिनी मला वाचता येत नाही, पण बाजारात रोज दिसणाऱ्या दोन खुणा ओळखते. एक ‘गान’, म्हणजे कॅटी, साधारण सहाशे ग्रॅम. आणि एक ‘लेउंग’, म्हणजे त्या गानाचा सोळावा हिस्सा, अडतीस ग्रॅमच्या आसपास. चिठ्ठीवर १९ लेउंग होतं. अठ्ठ्याण्णव डॉलर हे एका लेउंगचे होते.

मी काही बोलले नाही. खरं सांगते, दहा सेकंद विचार केला. मासा तेव्हाच मेला असणार. भावोजी इतके खुशीत होते. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्या पायावर पाय ठेवला. माझी आई म्हणायची, “मासो डोळ्यांनी घेवचो, कानांनी नाय.” भावोजींनी कानांनी घेतला होता.

आणि तरीही या संध्याकाळीत पैशाला जागलेली एकच गोष्ट असेल तर ती हा मासा. लांब पांढऱ्या ताटात, डोक्यासकट, डोकं भावोजींकडे करून. वर कांद्याच्या पातीचे आणि आल्याचे केसासारखे बारीक धागे, त्यावर टेबलाशीच ओतलेलं कडकडीत तेल. ते चर्रर झालं आणि फोडणीचाच वास आला, मोहरी नसलेल्या फोडणीचा. बाजूने गोडसर सोया. बाकी मसाला काही नाही. मी चॉपस्टिकने पाठीवरचा तुकडा सोडवला. तो पाकळी सुटावी तसा सुटला, आणि खालचा काटा किंचित गुलाबी. वाफेवर मासा नेमका कधी थांबवायचा हे त्या गुलाबी रंगावरून कळतं. अर्धा मिनिट कमी, तर मांस काट्याला धरून बसतं. अर्धा मिनिट जास्त, तर कापूस. आम्ही मालवणी लोक माशाला कोकम, तिरफळ, नारळ लावल्याशिवाय सोडत नाही. मसाला नसला की मासा उघडा पडतो, लपायला जागा राहत नाही. हा उघडा मासा गोड होता, अगदी दुधासारखा. आत कुणीतरी माणूस घड्याळाकडे बघत उभा होता आणि त्याला त्याचं काम येत होतं.

गालाचा तुकडा मी भावोजींना वाढला. वरची बाजू संपल्यावर ते मासा उलटायला लागले, तर वेटर मुलीने चटकन पुढे होऊन मधला काटा अलगद उचलून बाजूला केला. इथल्या कोळी लोकांत मासा उलटला म्हणजे होडी उलटली असं समजतात, म्हणून ताटातही उलटत नाहीत. हे मी सांगितल्यावर भावोजींनी चॉपस्टिक्स खालीच ठेवल्या.

इथपर्यंत तक्रार नाही. पण नंतरचा भात! फ्राइड राइसचा सगळा जीव ‘वॉक हे’मध्ये असतो, म्हणजे धडाडत्या आचेवरच्या लोखंडी कढईचा तो धुरकट श्वास. तो मिनिटा-दोन मिनिटांत उडून जातो. इथे भात चांदीसारख्या झाकणाखाली मिरवत, गालिच्यावरून सावकाश चालत आला. झाकण उचललं तेव्हा शीतन्‌शीत मोकळं होतं, वाळवलेल्या स्कॅलपच्या तारा होत्या, सगळं होतं, पण भात कोमट. मार्केटातल्या वरच्या मजल्यावर प्लॅस्टिकच्या ताटात तो टेबलावर आपटतात, पण ओठ भाजतात.

शेवटी आंब्याचं गोड. आमरस, त्यात साबुदाणा आणि पपनसाच्या सुट्या पाकळ्या. हाँगकाँगात हे सगळीकडे मिळतं आणि मला एरवी आवडतं. पण अठ्ठ्याऐंशी डॉलरला एक वाटी म्हटल्यावर मी कोकणातली बाई जरा कडक परीक्षा घेणारच. आंबा पिवळा होता, गोड होता, वास नव्हता. जाऊने एक चमचा खाल्ला आणि म्हणाली, “ताई, उपासाला चालेल हे.” गणपतीतलं पपनस मात्र मला खरंच आठवलं.

बरोबर आठ वाजता समोरच्या इमारतींवरचा लाइट शो सुरू झाला. तो रोज आठलाच असतो. भावोजी व्हिडिओ काढत होते आणि त्यांच्या कोपराशी हळूच बिलाची चामडी पाकीटवही येऊन बसली. सव्वाआठला टेबल सोडायचं होतं ना.

बिल मी फोनमध्ये टिपून घेतलंय. चहा माणशी ३८, म्हणजे १५२. न मागितलेल्या दोन बशा ९६. एक्सओची इवली वाटी ६८. पाण्याच्या दोन बाटल्या १६०. म्हणजे जेवणाला सुरुवात व्हायच्या आधीच ४७६, साधारण सव्वापाच हजार रुपये, आणि यातलं चहा सोडून आम्ही काहीही मागितलं नव्हतं. सूप ७६०, चार सिउ ३२८, मासा १८६२, काय-लान १९८, लो-हान-जाय २३८, भात २६८, आंबा ३५२. वर दहा टक्के सर्व्हिस. एकूण ४९३० डॉलर आणि काही सेंट. चोपन्न हजार रुपये.

भावोजींनी चष्मा काढून पुसला, परत घातला. “मासा अठ्ठ्याण्णव होता ना?” एवढंच म्हणाले. नवऱ्याने समजावलं. त्यांनी कार्ड काढलं, आमचं काढू दिलं नाही. खाली येईपर्यंत लिफ्टमध्ये कुणी बोललं नाही.

परत जाताना मी मुद्दाम स्टार फेरीने नेलं. पाच-सहा डॉलरचं तिकीट. तोच हार्बर, तेच दिवे, वर वारा. भावोजी कठड्याला टेकून बराच वेळ बघत उभे होते. घरी पोचल्यावर जाऊने माझ्या स्वयंपाकघराचं कुलूप काढलं आणि कुकरला मुगाची खिचडी लावली. दोघा भावांनी दोनदोनदा वाढून घेतली.

गेलातच अशा ठिकाणी तर दुपारी जा. डिमसम मिळतं, खर्च निम्म्याच्या आत राहतो आणि समुद्र उजेडात जास्त छान दिसतो. सूप सोडा, भात सोडा, बशा परत करा, मासा घ्या.

रविवारी आम्ही त्यांना सायकुंगला नेलं. तिथे बंदराच्या काठाने टाक्याच टाक्या. आपण मासा निवडायचा, तिथेच शिजवून घ्यायचा, शिजवण्याचे पैसे वेगळे. चौघांचं जेवण साडेअकराशे डॉलरमध्ये झालं, बिअर धरून. मासा साधा होता आणि अर्धा मिनिट जास्त शिजला होता, ते मी मान्य करते. पण टाकीपुढे मासेवालीने दर सांगितल्या सांगितल्या आमचे पुण्याचे भावोजी तिच्यासमोर दोन बोटं नाचवत म्हणाले, “लेउंग? ऑर गान?” ती इतकी हसली की तिने मूठभर शिंपल्या फुकट घातल्या.